खलिफासमोर दोन दिवस : बगदादचा तीमथ्य

पाटावरवंटा

मध्ययुगातलं ख्रिस्ती धर्मपीठ म्हटलं की रोम आठवतं, फार तर कॉन्स्टँटिनोपल. पण आठव्या शतकाच्या अखेरीस सगळ्यांत लांबवर पसरलेल्या चर्चचा प्रमुख बसायचा बगदादमध्ये, अब्बासी खलिफाच्या नाकासमोर. पूर्वेचं चर्च हे त्याचं नाव. विरोधक त्यांना नेस्टोरियन म्हणत. इराक, इराण, मध्य आशिया, चीन आणि आपल्याकडचा पश्चिम किनारा, एवढा त्याचा पसारा. राजा त्यांच्या धर्माचा नाही, सैन्य नाही आणि जिझिया भरावा लागतोय. अशा स्थितीत 43 वर्षं हा गाडा हाकणाऱ्या माणसाबद्दल मराठीत मला फारसं कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

नाव तीमथ्य, या नावाचा पहिला. (बायबलमध्ये पौल ज्याला पत्रं लिहितो तो तीमथ्य वेगळा, तो याच्या सातशे वर्षं आधीचा.) जन्म उत्तर इराकमधल्या अर्बिलजवळच्या हज्जा गावचा. काका बिशप होते, त्यांच्यामागून हाही बेथ बगाशचा बिशप झाला. भाषा सिरियाक, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांची अरामी बोली. शिक्षण अब्राहाम बार दाशंदाद नावाच्या गुरूंच्या शाळेत. ही शाळा नुसती धर्मग्रंथ घोकून घेणारी नव्हती, तिथे अ‍ॅरिस्टॉटलही शिकवत. पुढे जे घडलं त्याचं मूळ तिथे आहे.

780 मध्ये तो कॅथलिकोस, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू झाला. निवडणूक कशी जिंकली, हे चर्चच्याच इतिहासकारांनी लिहून ठेवलंय आणि ते फारसं पवित्र नाही. बेथ आबे मठाचे प्रमुख ईशोयाब मोठे दावेदार होते. या वयात तुम्हाला ही दगदग झेपायची नाही, असं त्यांच्या गळी उतरवून तीमथ्याने त्यांना बाजूला केलं आणि नंतर आदियाबेनचं मोठं पद देऊन खूशही केलं. मतदारांना त्याने जड पोती दाखवली. आत पैसा आहे असा सगळ्यांचा समज झाला आणि तो त्याने होऊ दिला. निवडून आल्यावर पोती उघडली तर दगड! धर्मगुरूचं पद पैशाने विकलं जात नाही, हे वर ऐकवलं. आता याला लबाडी म्हणायचं की लाचखोरांना दिलेला धडा? मला दोन्ही वाटतं. गुंदेशापूरचा धर्मगुरू एफ्रेम याच्या गटाला मात्र ते अजिबात पचलं नाही आणि पहिली काही वर्षं चर्चमध्ये उभी फूट होती.

आता मुख्य प्रसंग. साल 781 किंवा 782. खलिफा अल-महदी. हाच खलिफा मानी पंथाच्या लोकांना आणि 'झिंदिक' (पाखंडी) ठरवलेल्यांना शोधून शोधून मारत होता, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. तीमथ्य काही कामासाठी दरबारात गेला होता. खलिफाने एकदम विषय काढला. तुझ्यासारख्या विद्वान माणसाने देवाने बायको केली आणि त्याला मुलगा झाला असं म्हणावं, हे शोभतं का? तीमथ्याचं उत्तर असं की असली निंदा केली कोणी? मग ख्रिस्त देवाचा पुत्र नाही का? आहे, पण देहाच्या नात्याने नव्हे. सूर्यापासून प्रकाश जन्मतो, मनातून शब्द जन्मतो, तसा.

दोन दिवस हे चाललं. त्रैक्य, क्रूस, बाप्तिस्मा, सुंता, पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना का करता, तुमच्या ग्रंथात फेरफार झाला का, सगळं निघालं. देव एक आहे तर तीन कसे? सूर्य, त्याचा प्रकाश आणि त्याची ऊब असे तीन सूर्य कोणी मोजत नाही, हे उत्तर. खलिफाच्या प्रश्नांनाही धार आहे. येशू देव होता तर तो प्रार्थना कोणाची करत होता? ज्यू लोकांनी त्याला मारलं ते त्याच्या इच्छेने की इच्छेविरुद्ध? इच्छेने असेल तर मारणाऱ्यांचा दोष काय, आणि इच्छेविरुद्ध असेल तर तो देव कसला? हा पेच सोडवताना तीमथ्याला चांगलाच घाम फुटला असणार.

आणि मग तो प्रश्न आला. मुहंमदांबद्दल तुझं काय म्हणणं आहे?

एका शब्दाने जीव जाईल आणि एका शब्दाने धर्म जाईल, अशी ही जागा. तीमथ्य म्हणाला, की प्रत्येक शहाण्या माणसाने त्यांची स्तुतीच करावी. ते संदेष्ट्यांच्या वाटेने चालले. संदेष्ट्यांनी एका देवाची शिकवण दिली, त्यांनीही दिली. संदेष्ट्यांनी लोकांना वाईटापासून दूर केलं, मूर्तिपूजा सोडवली, त्यांनीही तेच केलं. खलिफा लगेच म्हणाला, मग त्यांचे शब्द स्वीकार. कोणते शब्द, तीमथ्याने विचारलं. देव एक आहे आणि त्याच्यावाचून दुसरा नाही, हे. त्यावर तीमथ्य म्हणाला, हे तर मी नियमशास्त्रातून, संदेष्ट्यांकडून आणि शुभवर्तमानातून आधीच शिकलोय, त्यावरच उभा आहे आणि त्यातच मरेन.

शेवटाकडे मोत्याचा दृष्टान्त येतो. अंधाऱ्या घरात रात्री एक मोती पडला. सगळे चाचपडू लागले. एकाच्या हाती मोती आला, बाकीच्यांच्या हाती काच किंवा खडा. पण प्रत्येक जण खूश, की मोती माझ्याचकडे आहे. उजाडल्याशिवाय कोणाचं काय ते कळणार नाही. हे जग म्हणजे ते अंधारं घर. आता हे ऐकून लगेच 'सर्वधर्मसमभाव' म्हणून टाळ्या वाजवू नका. मोती एकच आहे आणि तो आपल्याकडेच आहे, याबद्दल तीमथ्याच्या मनात शंका नव्हती. सत्कर्मं आणि चमत्कार हे त्या मोत्याचे किरण आहेत आणि ते आताही थोडे दिसतात, असं तो पुढे सांगतोच. माझ्या मते त्याचं खरं कसब इथे आहे. तो एक पाऊलही मागे सरकत नाही, पण समोरच्याला पुढे यायला जागा ठेवतो.

---

हिंगोलीकर

वाचतोय. दरबारात उभं राहून 'कोणते शब्द?' असं विचारायला छाती लागते राव.

---

शंकेखोर

लेख छान, पण दोन गोष्टी खटकल्या.

एक म्हणजे हा वृत्तान्त कोणी लिहिला? तीमथ्यानेच ना? मग त्यात शेवटची चपखल ओळ दर वेळी त्याच्याच तोंडी असणार. खलिफाच्या कारकुनाने लिहिलेली बाजू मिळाली असती तर मजा आली असती.

दुसरी म्हणजे 'संदेष्ट्यांच्या वाटेने चालले' हे शब्द. ते संदेष्टे होते असं तो म्हणत नाही आणि नव्हते असंही म्हणत नाही. आमच्या ऑफिसात याला गोलमाल उत्तर म्हणतात. तुम्ही त्याला कसब म्हणताय.

---

पाटावरवंटा

@शंकेखोर, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. तो वृत्तान्त म्हणजे त्याने आपल्या मित्राला, एलामचा धर्मगुरू सर्जियस याला सिरियाकमध्ये लिहिलेलं पत्र आहे. त्याची 59 पत्रं टिकली आहेत, त्यातलं हे सर्वांत गाजलेलं. पुढे त्याची अरबी रूपंही झाली आणि ती खूप वाचली गेली. त्यामुळे शब्दन्‌शब्द असंच झालं असेल असं मी म्हणणार नाही. पण खलिफाचे प्रश्न पाहा. नुसतं स्वतःला जिंकवायचं असतं तर त्याने खलिफाच्या तोंडी बावळट प्रश्न घातले असते. इथे तर दोन-तीन जागी खलिफाच वरचढ वाटतो.

दुसऱ्या मुद्द्यावर मतभेद राहू दे. गोलमाल उत्तर कोणालाच बांधून घेत नाही. इथे तो पुढच्याच दमात 'मी याच श्रद्धेत मरेन' म्हणतोय. शिवाय त्याने केलेली स्तुती खोटी नव्हती. एकेश्वर आणि मूर्तिपूजेला विरोध, या दोन गोष्टी त्यालाही मनापासून पटत होत्या. जेवढं खरं वाटतं तेवढं मोकळेपणाने बोलायचं आणि जे पटत नाही ते न विचारता सांगायचं नाही, एवढंच त्याने केलं.

---

उंटावरचा शहाणा

आमच्या नावाचा उल्लेख आल्याशिवाय धागा कसा पुरा होईल!

याच वादात खलिफा बायबलमधल्या यशयाच्या 21व्या अध्यायातलं वचन काढतो. पहारेकऱ्याला दोन स्वार दिसतात, एक गाढवावर आणि एक उंटावर. खलिफाचं म्हणणं, गाढवावरचा तुमचा येशू, कारण तो तसाच यरुशलेमात शिरला, मग उंटावरचा कोण हे सांगायला नको. तीमथ्य म्हणतो, नाही, गाढवावरचा मेदी राजा दारयावेश आणि उंटावरचा एलामी राजा कोरेश (सायरस), कारण त्याच अध्यायात बाबेल पडल्याचं लिहिलंय आणि मेदी-एलामी लोकांना हाक मारलीय. संदर्भ सोडून ओळ उचलू नका, एवढं साधं तत्त्व. आजच्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांना शिकवायला हवा हा माणूस.

'कैवारी' येईल असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे, तो म्हणजे मुहंमद का, यावरही खडाजंगी आहे. ती पाटावरवंटा यांनी गाळली.

---

बोरूबहाद्दर

मला यात वादापेक्षा भाषांतराची गोष्ट जास्त आवडते. त्याच अल-महदीने तीमथ्याला अ‍ॅरिस्टॉटलचा 'टोपिका' हा ग्रंथ अरबीत आणायला सांगितला. टोपिका म्हणजे वाद कसा घालावा याचं शास्त्र. म्हणजे खलिफा आधी वाद घालतो आणि मग वादाचं शास्त्र मागवतो! तीमथ्याने मोसुलच्या अमीराचा सचिव अबू नूह याच्या मदतीने ते काम केलं. मूळ ग्रीक, त्यावरून सिरियाक, त्यावरून अरबी असा प्रवास, आणि सिरियाक अडलं की पुन्हा ग्रीककडे धाव.

खरी गंमत पुढे आहे. ग्रंथातल्या अवघड जागांवरची टीका-टिप्पणी त्याला हवी होती आणि ती असण्याची शक्यता मार मत्ताईच्या मठात होती. तो मठ म्हणजे विरोधी पंथाचा अड्डा, ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी स्वभावांवरून यांचं आणि त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं हाडवैर. मग हा मित्राला लिहितो, की तिथे चौकशी कर, पण कशासाठी ते कळू देऊ नकोस. पोथ्यांच्या बाबतीत मात्र वैर आडवं येऊ द्यायचं नाही! बगदादमधल्या भाषांतरांचं श्रेय आपण एकदम नंतरच्या खलिफा अल-मामूनला देऊन मोकळे होतो. त्याच्या आधीची ही सिरियाक मंडळी कोणाच्या गावीही नसतात.

---

वसईचं_वारं

आमच्या वसईत महागुरुस्वामी, धर्मप्रांत हे शब्द कानावरचे. पण शाळेत ख्रिस्ती इतिहास म्हणजे पोर्तुगीज आले तिथूनच सुरू व्हायचा. कोकणात त्याच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती लोक होते, हे कळायला मला बराच काळ लागला.

सहाव्या शतकात कॉस्मास नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो, की मलबारात मिरी पिकते तिथे चर्च आहे, श्रीलंकेत आहे आणि 'कल्लियाना' इथे पर्शियाहून नेमलेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे तीमथ्याच्या दोनशे वर्षं आधी कल्याणच्या बंदरात त्याच चर्चचा बिशप! पुढे 1321 मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेही उतरले होते नेस्टोरियन कुटुंबाकडे. त्यांच्या अस्थी न्यायला आलेला ओदोरिक ठाण्यात अशी 15 घरं असल्याचं लिहितो.

तीमथ्याचा भारताशी थेट संबंध काय होता, ते जरा इस्कटून सांगाल का?

---

पाटावरवंटा

@वसईचं_वारं, धन्यवाद. हा भाग धाग्यात घालायचाच होता.

भारतातली चर्चं आधी फार्सच्या, म्हणजे इराणच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या रेव अर्दशीरच्या धर्मगुरूच्या हाताखाली होती. बंदरं त्यांची, जहाजं त्यांची, म्हणून बिशपही तेच पाठवत. पण फार्सवाले कॅथलिकोसच्या गादीला जुमानत नव्हते. सातव्या शतकात ईशोयाब तिसरा याने त्यांना खरमरीत पत्र लिहिलंय, की तुमच्या हट्टापायी भारतातल्या लोकांना बिशप मिळेनासे झालेत. तीमथ्याच्या वेळीही त्यांचा तोरा तोच. आम्ही थॉमस प्रेषिताचे शिष्य, तुमच्या मारीच्या गादीशी (मारी हा कॅथलिकोसच्या गादीचा मूळपुरुष मानला जाई) आमचं देणंघेणं नाही, असं ते म्हणत. तीमथ्याने त्यांना वळवून घेतलं, त्यांच्यासाठी शिमोन नावाचा धर्मगुरू नेमला आणि भारताचा कारभार वेगळा काढून थेट आपल्याकडे घेतला. भारतातल्यांना त्याने प्रमुखाच्या निवडीची रीतही घालून दिली होती.

एका पत्रात तो म्हणतो, की कितीतरी साधू नुसती काठी आणि झोळी घेऊन समुद्रापार भारतात आणि चीनमध्ये जातात. दुसऱ्या एका पत्रात, बाबेल, पर्शिया, भारत, चीन, तिबेट, तुर्कांचा देश अशी यादी देऊन सगळीकडे आमची प्रार्थना एकाच शब्दांत म्हटली जाते, असं अभिमानाने सांगतो. तुर्कांसाठी धर्मगुरू नेमला आणि तिबेटसाठी नेमायची तयारी चालू आहे, हेही त्याने लिहिलंय. आठव्या शतकात, बगदादमध्ये बसून.

अंतराचं एक उदाहरण देतो. चीनमध्ये शीआनला एक शिलालेख आहे, चिनी आणि सिरियाक भाषांत, तिथल्या ख्रिस्ती लोकांनी 781 मध्ये उभारलेला. त्यावर कॅथलिकोस म्हणून नाव आहे हनानिशोचं, म्हणजे तीमथ्याच्या आधीच्या प्रमुखाचं. तो वारला होता, तीमथ्य गादीवर बसला होता, पण बातमी चीनपर्यंत पोचलेलीच नव्हती.

---

हिंगोलीकर

हे शिलालेखाचं भारी आहे!

---

मिरी

सगळे आरत्या ओवाळताय म्हणून थोडं मीठ टाकते.

हाच तीमथ्य आपल्याच चर्चमधल्या गूढवादी साधूंवर बहिष्कार घालतो. दाल्याथाचा योहान आणि योसेफ हज्जाया, दोघेही आज सिरियाक अध्यात्मातले अव्वल लेखक मानले जातात. दोष काय, तर ध्यानात देवाचं दर्शन होऊ शकतं असं ते म्हणत. निर्मिलेल्याला निर्माता दिसूच शकत नाही, अगदी ख्रिस्ताच्या मानवी स्वभावालाही नाही, हा तीमथ्याचा हिशेब. खलिफाशी इतकं गोड बोलणारा माणूस घरच्या साधूंशी एवढा कडक का? मला तर वाटतं, पत्रं आणि नेमणुका यांवर चालणाऱ्या माणसाला थेट देवाशी बोलणारे लोक नेहमीच अडचणीचे वाटतात.

आणि त्याचा कायद्याचा ग्रंथ. 805च्या सुमाराचा, 99 कलमं, सगळा भर लग्न आणि वारसा यांवर. तो का लिहिला? तर आपल्या धर्मात कायदाच नाही असं कारण पुढे करून ख्रिस्ती लोक काझीकडे जात होते आणि ते त्याला थांबवायचं होतं. लोकांची सोय हा एक भाग झाला, पण कळपाभोवतीचं कुंपण हा दुसरा.

---

शंकेखोर

मिरीताई, +१. मलाही हेच म्हणायचं होतं, तुम्ही जास्त चांगलं म्हटलंत.

---

पाटावरवंटा

@मिरी, साधूंच्या बाबतीत मी त्याची वकिली करणार नाही. तो निर्णय कोताच होता.

कायद्याच्या ग्रंथाबद्दल मात्र थोडं वेगळं वाटतं. ज्या समाजाकडे राज्य नाही, त्याच्याकडे लग्न आणि वारसा एवढ्याच दोन गोष्टी स्वतःच्या हातात उरतात. त्याही काझीकडे गेल्या तर दोन-तीन पिढ्यांत तो समाज शिल्लक राहील का? कुंपण होतं हे खरं, पण ते घालायला त्याच्याकडे कारण होतं.

शाळांचाही उल्लेख करायला हवा. सर्जियसला तो सांगतो, की शाळांकडे जिवापाड लक्ष दे, चर्चच्या लेकरांची आई तीच आहे. हा त्याचा घोष आयुष्यभर चालू होता. पत्रांत धर्मतत्त्वांच्या खालोखाल काय सापडतं, तर पुस्तकं. अमुक ग्रंथ पाठव, तमुक नक्कल करून घे. ओरिजेन या तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती पंडिताने सिद्ध केलेल्या ग्रीक जुन्या कराराचं सिरियाक भाषांतर मिळालं तेव्हा सहा लेखनिक आणि दोन वाचून दाखवणारे बसवले, सहा महिने काम चाललं. पैसा दिला खलिफाचा वैद्य गब्रिएल याने, बुख्तिशूंच्या प्रसिद्ध वैद्य घराण्यातला तो. डोळे गेले यापायी, अशी तीमथ्याची तक्रार आहे.

---

बोरूबहाद्दर

त्याच पत्रातली यरीहोची गोष्ट कोणीच कशी काढली नाही अजून?

तो लिहितो, की दहा वर्षांपूर्वी यरीहोजवळ डोंगरात पोथ्या सापडल्या. एका अरब शिकाऱ्याचा कुत्रा शिकारीमागे गुहेत शिरला तो बाहेर येईना. शिकारी आत गेला तर खडकातली खोली आणि तिच्यात पुस्तकंच पुस्तकं. यरुशलेमच्या ज्यू लोकांना कळलं, ते धावत आले, पाहतात तर जुन्या कराराचे ग्रंथ हिब्रूत, आणि दाविदाची दोनशेहून जास्त स्तोत्रं. बायबलात आहेत 150! हे त्याला एका ज्यू पंडिताकडून कळलं, जो पुढे ख्रिस्ती झाला होता.

1947 मध्ये त्याच भागात कुम्रानच्या गुहांत मेंढपाळांना गुंडाळ्या मिळाल्या, तेव्हा अभ्यासकांनी हे पत्र पुन्हा बाहेर काढलं. कुम्रानच्या एका गुंडाळीत बायबलबाहेरची स्तोत्रं खरोखरच आहेत.

तीमथ्याने लगेच दमास्कसच्या धर्मगुरूला आणि गब्रिएलला लिहिलं. 'त्याला नासोरी म्हणतील' असली जी वचनं नव्या करारात जुन्याचा हवाला देऊन येतात पण जुन्यात कुठेच सापडत नाहीत, ती या पोथ्यांत आहेत का, बघा. उत्तर आलंच नाही. ही गोष्ट माझ्या हाडांत आग पेटल्यासारखी जळतेय, असं तो सर्जियसला लिहितो. बायबलमधल्या एका न जुळणाऱ्या वचनासाठी आठव्या शतकातला धर्मप्रमुख असा तळमळतो आणि ते लपवतही नाही. खलिफासमोरच्या हजरजबाबीपणापेक्षा मला हा तीमथ्य जास्त जवळचा वाटतो.

---

वसईचं_वारं

बोरूबहाद्दर, हे अगदी नवीन कळलं. शेवटचा प्रश्न विचारतो. तो गेल्यावर या चर्चचं काय झालं?

---

पाटावरवंटा

तो जानेवारी 823 मध्ये वारला. पाच खलिफा पाहिले. अल-महदी, अल-हादी, हारून अल-रशीद, अल-अमीन आणि अल-मामून. अमीन-मामून भावांच्या भांडणात बगदादला पडलेला वेढाही त्यात आला. दजलेच्या पश्चिम काठावरच्या ज्या मठात तो राहिला, तिथेच त्याला पुरलं.

चर्च त्यानंतर बराच काळ टिकलं. त्याच्यानंतर तीसेक वर्षांच्या आत, 849 मध्ये, केरळात कोल्लमच्या चर्चला दिलेल्या ताम्रपटावर पहलवी, अरबी आणि हिब्रू लिप्यांत सह्या आहेत. मंगोल काळात तर त्याला पुन्हा बहर आला. नंतर चौदाव्या शतकात तैमूर आणि रोगराई यांच्या तडाख्यात मध्य आशियातला पसारा गेला. तो वेगळ्या धाग्याचा विषय.

@मिरी, तुमच्यासाठी एक माहिती राहिली होती. त्याच्या गादीवर बसला ईशो बार नून, म्हणजे त्याच शाळेत शिकलेला त्याचा जुना विरोधक. त्याने दाल्याथाच्या योहानावरचा आणि योसेफ हज्जायावरचा बहिष्कार उठवला.

---

मिरी

हे आधी सांगायचं ना! मग ईशो बार नूनवर धागा मी काढते.